कोपऱ्यावरचा माणूस

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांच्या घरात सरकारी नोकरी नांदली असेल त्यांना बदलीचा हुकूम म्हणजे काय हे मी नव्याने सांगावयास नको. ट्रंका बांधल्या जातात, मुलांच्या शाळा अर्ध्यावर तुटतात, दूधवाल्याचा हिशेब चुकता होतो आणि शेजारीण डोळ्यांना पदर लावून निरोप देते. नव्या गावी घर मिळते, पाणी मिळते, हळूहळू शेजारही मिळतो. पण जुन्या कचेरीत ज्याच्यावाचून पान हलत नव्हते तो माणूस नव्या कचेरीत तितकाच उपयोगी पडेल की नाही, हे मात्र हुकमात कोठेच लिहिलेले नसते. हा प्रश्न मला पुन्हा ऐकावयास मिळाला तो सातासमुद्रापलीकडे, अकरा वर्षांच्या नातवाच्या तोंडून, आणि तोही अशा एका माणसाविषयी, की ज्याचा पोटापाण्याचा उद्योगच मुळी उलटे धावणे हा आहे.

२०२५ च्या नोव्हेंबरात मी व माझी पत्नी न्यू जर्सीत मुलीकडे होतो. ४ तारखेला नातू शाळेतून आला तो पाठीवरचे दप्तर न उतरविताच कोचावर बसला आणि म्हणाला, "आजोबा, त्यांनी सॉस देऊन टाकला." स्वयंपाकघरातून त्याची आजी म्हणाली, "कुणाला दिला? बाटली तर इथं फ्रिजमध्येच आहे." नातू हसला नाही, तेव्हा प्रकरण साधे नाही हे माझ्या ध्यानात आले.

सॉस हे अहमद गार्डनर या खेळाडूचे टोपणनाव. न्यू यॉर्क जेट्स या फुटबॉल संघाने २०२२ साली त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत चौथ्या क्रमांकावर घेतले आणि पहिल्याच हंगामात तो बचावातील सर्वोत्तम नवोदित ठरला. नाव न्यू यॉर्कचे असले तरी हा संघ खेळतो न्यू जर्सीत, त्यामुळे आमच्या नातवाच्या दृष्टीने तो आळीतलाच. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात संघाने त्याच्याशी चार वर्षांचा, बारा कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा करार केला होता. आणि चार महिने उलटतात न उलटतात तोच त्याला इंडियानापोलिस कोल्ट्सकडे धाडून त्याच्या मोबदल्यात दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे निवडीचे हक्क आणि एक तरुण खेळाडू घेतला. माणसाच्या बदल्यात पुढील काळातली, अजून ठाऊकही नसलेली माणसे घेण्याचा हा व्यवहार आपल्याला चमत्कारिक वाटेल. मला वाटला. नातवाला त्यात काही विशेष वाटले नाही. त्याचा प्रश्न वेगळाच होता. "आजोबा, तिथं तो एवढाच चांगला खेळेल का? तुम्हांला काय वाटतं?"

मी वडीलधाऱ्यांच्या सवयीने उत्तर दिले, की चांगला माणूस कोठेही गेला तरी चांगलाच. नातवाने माझ्याकडे जरा दयेने पाहिले आणि विचारले, "मग आसोमवाचं काय झालं?"

आसोमवाचे काय झाले हे मला ठाऊक नव्हते. ते मी पुढच्या चार-पाच संध्याकाळी जावईबापूंकडून शिकलो. ते या खेळाचे जुने भक्त आहेत आणि त्यांनी जुने सामने लावून मला एकेक गोष्ट दाखविली. मी तीच आपल्यापुढे मांडतो, कारण खेळ परका असला तरी त्यातली कुचंबणा परकी नाही.

अमेरिकेतील फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळतात तो नव्हे. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट. तो हाताने फेकावयाचा, झेलावयाचा, कवटाळून पळावयाचे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, शंभर यार्डांचे मैदान, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे. फेकणारा तो क्वार्टरबॅक. दूरवर पळत जाऊन झेलणारा तो रिसीव्हर. या रिसीव्हरसमोर मैदानाच्या कडेला जो एकटा बचावपटू उभा असतो तो कॉर्नरबॅक, म्हणजे कोपऱ्यावरचा माणूस.

त्याची अडचण अशी, की समोरच्याला आपण कोठे पळणार हे ठाऊक असते आणि याला ठाऊक नसते. रिसीव्हर सरळ धावतो, हा पाठीमागे पाठीमागे धावतो. तो मध्येच वळतो, याने त्याच क्षणी वळले पाहिजे. पहिल्या पाच यार्डांत त्याला हाताने अडविण्याची मुभा आहे. त्यापुढे हात लावला तर दंड. चेंडू हातातून सुटावयास तीनएक सेकंद लागतात, आणि तेवढ्यात याचा सारा जन्म पणाला लागलेला असतो. चुकला तर सत्तर-ऐंशी हजार प्रेक्षक ते पाहतात, कारण तेथे दुसरे कोणी जवळपास नसतेच. आणि चुकला नाही तर? तर काहीच घडत नाही. क्वार्टरबॅक त्याच्या बाजूकडे एक नजर टाकतो आणि चेंडू दुसरीकडे फेकतो. ज्याच्या कामाचा पुरावा म्हणजे त्याच्याकडे काहीही न होणे, असा हा व्यवसाय आहे. घर सांभाळणाऱ्या आपल्या गृहिणींना हे मी अधिक फोडून सांगण्याची गरज नाही.

नाम्दी आसोमवा हा असा माणूस होता. तेव्हा ऑकलंडला असलेल्या रेडर्स संघात त्याने २००६ साली प्रतिपक्षाचे आठ चेंडू मध्येच झेलले. पुढील चार वर्षांत असे झेल एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच झाले, आणि तरीही त्या वर्षांत त्याची गणना देशातल्या सर्वोत्तम दोघा-तिघांत होत असे, कारण त्याच्या अंगावर चेंडू टाकण्याचे धाडस कोणी करीनासे झाले होते. २०११ च्या जुलैअखेर फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाने त्याला पाच वर्षांसाठी सहा कोटी डॉलर देऊन घेतले. त्या उन्हाळ्यात त्या संघाने इतके नामांकित गडी गोळा केले, की त्यांच्यापैकीच एकाने 'हा तर स्वप्नातला संघ' असे म्हटले, आणि तो शब्द पुढे त्यांना फार महागात पडला. त्या हंगामात संघाने आठ सामने जिंकले आणि आठ गमावले. पुढच्या हंगामात चारच जिंकले. २०१३ च्या मार्चमध्ये आसोमवाला मोकळे करण्यात आले. मग सॅन फ्रान्सिस्कोत काही महिने, आणि त्या वर्षाअखेर निवृत्ती. पुढे तो चित्रपटांकडे वळला आणि तेथे त्याने चांगले नाव मिळविले. पण ते निराळे.

असे का झाले? जावईबापूंनी मला त्याचे ऑकलंडमधले खेळ आणि फिलाडेल्फियातले खेळ एकापाठोपाठ एक दाखविले, तेव्हा माझ्यासारख्या अडाण्यालाही काही दिसू लागले. ऑकलंडात तो बहुतेक एकाच कडेला, रिसीव्हरच्या अगदी छातीशी उभा राहत असे. त्याने पहिल्या पाच यार्डांत समोरच्याला थोपवावयाचे, मग त्याच्या कमरेवर दृष्टी ठेवून सावलीसारखे जावयाचे. चेंडूकडे पाहावयाचेच नाही. एका माणसाला एक माणूस, अशी ती पद्धत. दुसऱ्या पद्धतीत माणूस नव्हे तर जागा राखावयाची असते. तिला ते झोन म्हणतात. तेथे दृष्टी समोरच्या माणसावर नव्हे, तर दूरच्या क्वार्टरबॅकवर ठेवावी लागते आणि आपल्या हद्दीत कोण शिरले, कोण बाहेर गेला हे शेजाऱ्याशी बोलून ठरवावे लागते. दोन्हींना आपण बाहेरून 'कॉर्नरबॅक' हेच नाव देतो. पण कीर्तनकार आणि वकील हे दोघेही बोलून पोट भरतात म्हणून त्यांचा धंदा एक म्हणता येईल काय?

फिलाडेल्फियात त्याला कधी झोनमध्ये, कधी कडेला, कधी आत मैदानाच्या मध्याकडे असे फिरविण्यात आले. त्या संघात त्याच तोलाचे आणखी दोन कॉर्नरबॅक होते, तेव्हा कोणाला तरी आपली जागा सोडणे भागच होते. बचावाची सूत्रे ज्याच्या हाती दिली होती तो प्रशिक्षक त्याआधी वर्षानुवर्षे आक्रमणाच्या आघाडीच्या रांगेला शिकवीत आलेला. त्यात त्या वर्षी मालक व खेळाडू यांच्या तंट्यामुळे मार्चपासून जुलैच्या अखेरीपर्यंत सरावच बंद होता. नव्या माणसांना नव्या घराची ओळख करून घेण्यास अवघे सहाएक आठवडे मिळाले. आणि त्याचे वय तीस. ज्याचे सारे कसब वळण्याच्या एका क्षणात आहे त्याला तिशी म्हणजे काय हे आपण समजू शकता.

एवढे ऐकून मी म्हणालो, "म्हणजे पद्धत बदलली की माणूस बुडाला." जावईबापूंनी मान हलविली आणि चार्ल्स वुडसनचे खेळ लावले.

मला या माणसाची गोष्ट सर्वांत आवडली. तोही रेडर्सचाच. तीन वर्षे तर आसोमवा आणि तो एकाच संघात होते. २००५ साली त्याचा पाय मोडला. २००६ साली तो मोकळा झाला तेव्हा तिशीला आलेल्या या माणसाकडे फारसे कोणी ढुंकून पाहिले नाही. ग्रीन बे या विस्कॉन्सिनमधील थंड, लहानशा गावच्या संघाने तेवढे बोलावणे केले. त्यालाही तेथे जाण्याची हौस नव्हती. पण दुसरे दार नव्हते म्हणून गेला. रेडर्सकडे पहिल्या आठ वर्षांत त्याने मिळविलेले झेल होते १७. ग्रीन बेच्या सात वर्षांत झाले ३८. २००९ साली तो साऱ्या लीगमधील सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि २०११ च्या फेब्रुवारीत त्याच्या संघाने सुपर बोल जिंकला. आता मौज अशी, की ग्रीन बेनेही त्याला त्याच्या जुन्या जागी ठेवले नव्हते. त्यालाही आत आणले, फिरते ठेवले, क्वार्टरबॅकवर धावून जावयास लावले. एकाच घरातून निघालेले, जवळजवळ एकाच वयाचे दोन माणूस. दोघांनाही नव्या घरी नवे काम. एक कोमेजला आणि एक बहरला.

मग फरक कोठे होता? माझी समजूत, ती चुकीचीही असेल, अशी आहे, की वुडसनच्या अंगात जे गुण जुन्या घरी बांधून पडले होते, म्हणजे क्वार्टरबॅकच्या मनातले ओळखणे, पुढे झेपावणे, धाडसाने अंदाज बांधणे, तेच नव्या घरी मागितले गेले. आसोमवाकडे जे होते ते एकच, पण पराकोटीला नेलेले. आणि नव्या घरी तेवढेच सोडून बाकी सारे मागितले गेले. घरात उत्तम जाते असावे आणि आपण त्यावर मसाला वाटावा, तसे. यात जात्याचा दोष किती?

येथे, वाचकहो, मला माझे स्वतःचे काही सांगावे लागेल. ते मी आजवर घरात कोणाला सांगितले नव्हते.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढलो आणि विशीत कबड्डी खेळत असे. माझी जागा उजव्या कोपऱ्याची. कबड्डी पाहिलेल्यांना ठाऊक असेल, की चढाई करणारा पुढे आला की कोपऱ्यावरचा गडी खाली झुकतो, आणि त्याच्या पायाचा घोटा नेमक्या क्षणी धरतो. पण घोटा धरून भागत नाही. धरलेला गडी ओढत ओढत रेषेपर्यंत जाऊ शकतो. त्याला वरून झाकणारा शेजारचा गडी त्याच श्वासात यावा लागतो. माझा शेजारी आणि मी लहानपणापासून एकत्र खेळलेले. मी खांदा किंचित पाडला की तो निघे. आम्ही हे कधी बोलून ठरविले नव्हते. पंचक्रोशीत माझ्या पकडीचे नाव झाले. आणि त्या नावावर मला मुंबईत एका मोठ्या कचेरीत नोकरी मिळाली, कारण त्या कचेरीचा संघ होता आणि त्यांना कोपरा हवा होता.

तेथे पहिल्या सामन्यात मी खांदा पाडला आणि घोटा धरला. शेजारचा गडी आला नाही. त्यांच्याकडे रिवाज असा, की चढाई करणाऱ्याला आधी खोलवर येऊ द्यावयाचे, आणि मधल्या गड्याने इशारा केल्यावरच कोपऱ्याने धरावयाचे. तो इशारा पाहावयाचा म्हणजे पायावरची दृष्टी काढावी लागे. दृष्टी काढली की माझा क्षण जाई. न काढली तर मी एकटाच धरून फरफटत जाई. पहिल्या हंगामात मी अनेकदा असा बाद झालो. दुसऱ्या हंगामात मला राखीव गड्यांत बसविले, तिसऱ्यात संघातून काढले. नोकरी मात्र राहिली. पस्तीस वर्षे मी त्या कचेरीत खतावण्या लिहिल्या, आणि वार्षिक सामन्यांच्या दिवशी काही ना काही निमित्त काढून घरी लवकर येत असे. मनात एकच समजूत धरून होतो, की गावातले माझे नाव खोटे होते. मोठ्या ठिकाणी पितळ उघडे पडले. या वयात, परक्या देशात, भिंतीवरच्या पडद्यावर आसोमवाला मी पाहिले. समोरचा माणूस त्याने आपल्या हद्दीपर्यंत आणून सोडला होता आणि पाठीमागून जो यावयास हवा होता तो आला नव्हता. दोन्ही हात पसरून तो वळून पाहत उभा होता. ते पाहताना मला घोटभर पाणी मागावे लागले.

मात्र सारे शेजाऱ्यावर ढकलणेही खरे नव्हे, हे मला रीव्हिसच्या गोष्टीने शिकविले. डॅरेल रीव्हिस हा आमच्या जावईबापूंचा देव. त्यांच्या कपाटात त्याची २४ क्रमांकाची हिरवी जर्सी अजून घडी करून ठेवलेली आहे. जेट्सकडे २००९ साली त्याने देशातले एकाहून एक रिसीव्हर एकट्याने बांधून ठेवले. त्याच्या बाजूच्या मैदानाला लोक 'रीव्हिसचे बेट' म्हणत, कारण तेथे उतरलेला माणूस दिसेनासा होई. २०१२ साली त्याचा गुडघा दुखावला. २०१३ साली त्याला टॅम्पा बेकडे देण्यात आले, वर्षाला एक कोटी साठ लाख डॉलर पगारावर. तेथे त्याला झोनमध्ये पुष्कळ खेळविले. तो वाईट खेळला नाही. पण संघ सोळांपैकी बारा सामने हरला, प्रशिक्षक गेला आणि नव्या प्रशिक्षकाच्या पद्धतीत एवढ्या पगाराच्या कॉर्नरबॅकची गरज नाही म्हणून एकाच वर्षात त्यालाही सोडले. मग न्यू इंग्लंडच्या पेट्रियट्सने त्याला एक वर्षासाठी घेतले आणि त्याच्याकडून तेच मागितले, जे तो सर्वांत चांगले देऊ शकत होता: समोरच्या एका माणसाला नाहीसे करणे. १ फेब्रुवारी २०१५ रोजी तो संघ सिअ‍ॅटलला २८-२४ असे हरवून अजिंक्य झाला. त्या सामन्यात रीव्हिसच्या माणसाला एकदा गुण मिळाले, तेही धावताना पंचच वाटेत आल्यामुळे. जावईबापू अजून त्या पंचाला क्षमा करावयास तयार नाहीत, आणि ते तर प्रतिपक्षाचे!

यावरून मी अनुमान काढणार होतो, की माणसाला त्याचे काम मिळाले की तो जिंकला. पण गोष्ट पुढे आहे. २०१५ साली रीव्हिस परत जेट्सकडे आला, पाच वर्षांच्या, सात कोटी डॉलरांच्या करारावर. घर जुने, लोक जुने, काम जुने. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी, ज्यांना तो पूर्वी सहज गाठी, ते त्याच्यापुढून निघून जाऊ लागले. २०१७ च्या आरंभी, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, जेट्सने त्याला सोडले. २०२३ साली त्या खेळातील थोरांच्या मालिकेत त्याची निवड झाली. पण माहेरी परतूनही पायांचे वय परतले नाही ते नाहीच.

याउलट डीऑन सँडर्ससारखा एखादाच. १९९४ साली तो अ‍ॅटलांटा सोडून सॅन फ्रान्सिस्कोकडे गेला तो हंगाम सुरू झाल्यावर, कसलाही सराव न करता. महिन्याभराने जुन्या घराविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, चेंडू झेलून ९३ यार्ड पळत गेला. त्या वर्षी सर्वोत्तम बचावपटू तोच आणि अजिंक्य संघही त्याचाच. पुढच्या वर्षी संघ बदलून डॅलसकडे गेला, तर तेथेही अजिंक्यपद. पण असे लोक नियम सांगण्याच्या कामाचे नसतात. गावात एखादी सून अशी असते, की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी साऱ्या घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. म्हणून बाकीच्या सुनांना बोल लावू नये.

गार्डनरचे पुढे काय होईल हे अर्ध्या हंगामावरून सांगणे न्यायाचे होणार नाही. तो तरुण आहे, हे मोठेच बळ. बाकी मला जे विचारावेसे वाटते ते त्याच्याविषयी नव्हेच. त्याने कोठे पाहावे अशी तेथील लोकांची अपेक्षा आहे, समोरच्या माणसाकडे की दूरच्या? त्याच्या पाठीशी जो सेफ्टी उभा आहे तो त्याच्या किती दिवसांच्या ओळखीचा आहे? पुढची रांग क्वार्टरबॅकला किती सेकंद उभे राहू देते? यांची उत्तरे मिळाली तर अर्धे भविष्य कोणीही सांगू शकेल. उरलेले अर्धे त्याच्या पोटऱ्यांना ठाऊक.

हे मी नातवाला एका संध्याकाळी माझ्या परीने समजावून सांगितले. तो फार लक्ष देऊन ऐकत होता. मुलीचे बिऱ्हाड येत्या जूनमध्ये डॅलसकडे हलावयाचे आहे, हे मला ठाऊक होते. आणि नातूही आपल्या गावच्या मुलांच्या संघात, कमरेला बांधलेली फडकी ओढून काढण्याचा जो निरुपद्रवी फुटबॉल असतो तो खेळतो, हेही ठाऊक होते. पण तो संघात कोठल्या जागेवर उभा राहतो, हे विचारण्याचे मला इतक्या दिवसांत सुचले नव्हते. ते त्या संध्याकाळी सुचले.

"कॉर्नर," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, जमिनीकडे पाहत, "आजोबा, तिथं माझ्या मागं कोण असेल?"

मी म्हणालो, "ते मला कसं ठाऊक असणार, बाळ? पण पहिल्याच दिवशी तू त्याचं नाव विचारून घे. आणि तू कधी निघतोस, कसा निघतोस, ते त्याला सांगून ठेव."

त्याने ते मनाशी घोळविले. मग डोके वर करून विचारले, "तुम्ही विचारलं होतं?"

"नाही," मी म्हणालो. "मी विचारलं नव्हतं."